सिंव्ह कुठं पळत न्हाई

नमस्कार, श्रोतेहो.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर मी आधी दोनदा पाहिली होती. पाहिली म्हणजे काय, तर पायऱ्या उतरलो, सिंहाच्या शिल्पापुढं फोटो काढला आणि भूक लागली म्हणून परतलो. गेल्या रविवारी मात्र सोबत गावातले एक आबा होते. ऐंशीच्या घरातले, पोरवयापासून मोट, म्हणजे बैलांकरवी विहिरीचं पाणी ओढायची चामड्याची पिशवी, हाकलेले.

मी सवयीनं पायऱ्यांकडं वळलो, तर म्हणाले, "सिंव्ह कुठं पळून जात न्हाई, पाव्हणं. आधी वर चला."

वर, विहिरीच्या काठावर, त्यांनी मला मोट शिकवली. नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, वरच्या चाकावरून; सोंदूर, म्हणजे तिच्या सोंडेचा बारीक दोर, खालच्या कण्यावरून. बैल धावेवरून, म्हणजे त्यांच्या उतरत्या वाटेवरून, खाली निघाले की भरलेली मोट वर येते, सोंदूर तिची सोंड ओढून धरतो आणि पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, सांडतं. मग बैलांनी पाठमोरं वर सरायचं. "पुढं जायला कुनीबी शिकवतंय, मागं सराया बैल शानाच लागतो," आबा म्हणाले. इथं अशा पंधरा मोटा बसवायची सोय आहे. चालायच्या बारा, म्हणून हे नाव.

साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी आमराईसाठी ही विहीर बांधवली. शके 1641 ते 1646, म्हणजे इ.स. 1719 ते 1724. मग खाली उतरलो. विहीर अष्टकोनी, वरून पाहिली तर शिवलिंगाच्या आकाराची. मधे चक्क छोटा महाल! पाण्याच्या गारव्यात बसायची ही राजेशाही सोय बघून मला आमच्या घरातल्या कुलरची लाज वाटली. भिंतीवर कुणा प्रेमवीरानं बाण काढलेलं बदामही होतं. त्याबद्दल आबा जे बोलले ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

दुपारी कृष्णा-वेण्णेच्या काठी, संगम माहुलीला गेलो. देवळं धावतच पाहिली. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची म्हणून दाखवतात त्या समाधीपाशी आबा थोडे रेंगाळले. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात.

मग घाटावर बसून आबांनी तोंडानं मोटेच्या चाकाची कुरकुर काढून दाखवली. एका मोटेची आधी, मग शेजारच्या शेतातली दुसरी, जरा जाड आवाजाची. बारा एकदम चालल्या तर कसं ऐकू येईल, असं मी विचारलं. ते डोळे मिटून बराच वेळ तो आवाज काढत राहिले.

रेकॉर्डर गाडीतच राहिला होता.