अंगणमंचावर

(दृश्य: सकाळ. पुणे विद्यापीठ, ललित कला केंद्र. दोन मुलं खराट्यानं पाचोळा झाडत आहेत.)

तालमीआधीचं पहिलं काम झाडलोटीचं. अंगणमंच नावाच्या या उघड्या रंगमंचावर खराटा धरणारी ही दोघं नाटक शिकायला आली आहेत. खराटा कोपऱ्यात गेला, चपला पायरीखाली गेल्या की वर्ग भरला.

१९९६ ते २००९ या काळात नाटककार सतीश आळेकर या केंद्राचे प्रमुख होते. आळेकर सर.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो.)

सर स्वतः नाटकाच्या कुठल्या विद्यालयात शिकले नव्हते. जन्म १९४९ चा, दिल्लीतला, वाढले पुण्यात. फर्ग्युसन कॉलेज, मग १९७२ साली पुणे विद्यापीठाची जीवरसायनशास्त्रातली एमएस्सी आणि बी. जे. मेडिकल कॉलेजात नोकरी. दिवसभर प्रयोगशाळा, संध्याकाळी तालमीची जागा. १९७३ मध्ये थिएटर अकादमी ही पुण्याची नाट्यसंस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. पुढच्याच वर्षी 'महानिर्वाण' हे नाटक आलं. लेखन त्यांचं, दिग्दर्शनही त्यांचंच.

(दृश्य: विद्यार्थ्यांची 'महानिर्वाण'ची तालीम.)

भाऊराव मेले आहेत. पण तिरडीवर गप्प पडून राहायचं सोडून ते कीर्तनाला उभे राहतात आणि स्वतःच्याच मरणाचं आख्यान लावतात. चाळकरी त्यांचे झिलकरी, म्हणजे मागे उभं राहून साथ धरणारे.

या मुलाचा डावा हात बघा. उपरण्याचं टोक सावरतोय. ओळ संपली, की त्याच क्षणी टाळ पडायला हवा. अर्धी मात्रा उशीर झाला, तर मेलेला माणूस बोलतोय हे प्रेक्षक मान्यच करणार नाही. पुन्हा. पहिल्यापासून. ओळ, टाळ. ओळ, टाळ. वाक्य लिहिणाऱ्याला ते वाजतं कसं हे कळलेलं असलं, की नटाला असं राबावं लागतं, आणि राबायला मजाही येते.

नाटक येतं ते अंगातूनच, शिकवायचं काय त्यात, असं आजही सर्रास बोललं जातं. हा मुलगा सकाळपासून एका टाळावर अडला आहे. त्याला शिकवणारं कुणीतरी हवंच, आणि विद्यापीठात त्यासाठी हक्काची जागा हवी. आळेकरांनी केंद्रात नाटक, संगीत आणि नृत्य शेजारी शेजारी नांदवलं. गुरूपुढे बसून घेतलेली तालीम आणि विद्यापीठाची पदवी यांची सांगड घातली. त्याआधी, १९८५ ते १९९४ या काळात थिएटर अकादमीमार्फत नव्या नाटककारांसाठी त्यांनी योजना राबवली होती. लिहिणाऱ्याला आपलं नाटक घेऊन चारचौघांत बसता यावं, यासाठी.

(दृश्य: पुस्तकांची मुखपृष्ठं, सिनेमांची पोस्टर्स.)

'महापूर', 'बेगम बर्वे', 'अतिरेकी' ही त्यांची आणखी नाटकं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ मध्ये पद्मश्री. केंद्रातून निवृत्त झाल्यावर पडद्यावर ते अधिक दिसू लागले: 'व्हेंटिलेटर', 'चि. व चि. सौ. कां.'

(दृश्य: पुन्हा अंगणमंच. दुपारचं ऊन.)

तालीम पुढे सरकली आहे. नाटकातलं 'डावीकडून तिसरा' हे पात्र करणारा मुलगा आज गैरहजर आहे. सकाळी झाडणाऱ्यांपैकी एकजण त्याच्या जागी येऊन उभा राहतो. कुणीतरी त्याच्या हातात काळा गॉगल देतं. तो घालतो.

टाळ पडतो.