कव्हरच्या मागची नावं

(कृष्णधवल फोटो. कॅमेरा डावीकडून उजवीकडे.)

न्यूयॉर्कमधलं हार्लेम. 12 ऑगस्ट 1958. एका घराच्या पायऱ्यांवर आणि समोरच्या फुटपाथवर जॅझमधली 57 माणसं उभी आहेत. रात्रभर क्लबात वाजवणाऱ्यांना सकाळी दहाला बोलवायचं म्हणजे धाडसच. ते केलं छायाचित्रकार आर्ट केन यांनी, ‘एस्क्वायर’ मासिकासाठी. खाली पोरांच्या रांगेत बसलेत ते पियानोवादक आणि बँडप्रमुख काउंट बेसी. मागे उभे आहेत 29 वर्षांचे सॅक्सोफोनवादक बेनी गोल्सन. गोल्सन सप्टेंबर 2024 मध्ये गेले आणि या घोळक्यातले सॉनी रोलिन्स तेवढे उरले. फोटोतल्या माणसांची नावं कुणीतरी टिपून ठेवली, म्हणून आज हे सांगता येतं.

(रेकॉर्डचं कव्हर. पुढची बाजू, मग मागची.)

ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन 1956 मध्ये मोटार अपघातात गेले, अवघ्या 25व्या वर्षी. गोल्सननी त्यांच्यासाठी ‘आय रिमेंबर क्लिफर्ड’ रचलं. 1957 मध्ये ते ट्रम्पेटवर वाजवलं ली मॉर्गननी, वय 18. कव्हरवर मोठ्या अक्षरांत मॉर्गन. आता मागची बाजू बघा, बारीक टाइप: टेनर सॅक्सोफोन, बेनी गोल्सन. ज्यांनी चाल बांधली, तेच साथीला बसलेत.

(फिरती तबकडी. सुई जवळून.)

पियानोवादक अहमद जमाल एप्रिल 2023 मध्ये गेले, 92 वर्षांचे होऊन. ही तबकडी जानेवारी 1958 ची, शिकागोच्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये ध्वनिमुद्रित झालेली. टेपवर चाळीसहून जास्त चिजा होत्या, जमालनी निवडल्या आठ. त्यातली ‘पॉइन्सियाना’ आठ मिनिटांची. श्रोत्यांची कुजबुज, ग्लासांचा आवाज, सगळं तसंच ठेवलंय. जमाल दोन सूर लावतात आणि थांबतात. त्या मोकळ्या जागेत काय चाललंय ते ऐका. इस्रायल क्रॉस्बींचा बास फिरत राहतो आणि व्हर्नेल फोर्निए, न्यू ऑर्लिन्सचे, ड्रम्सवर असा डुलता ठेका धरतात की पियानो गप्प असला तरी गाणं पुढे सरकतं. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस जमालचे भक्त होते, हे सगळे सांगतात. फोर्निएंचं नाव किती जण घेतात?

(ड्रम्सवरची झांज.)

ही सपाट झांज. मध्ये घुमटी नाही, त्यामुळे आवाज पसरत नाही, टिचकीसारखा सुटा येतो. 1968 मध्ये पियानोवादक चिक कोरियांच्या ‘नाऊ ही सिंग्ज, नाऊ ही सॉब्ज’मध्ये ड्रमवादक रॉय हेन्सनी हीच जातकुळी वापरली. कोरिया 26 चे, बासवर मिरोस्लाव्ह व्हिटूश 20 चे, आणि हेन्स 43 चे, चार्ली पार्करपासून सगळ्यांना साथ केलेले. कोरिया 2021 मध्ये गेले, हेन्स नोव्हेंबर 2024 मध्ये, वय 99.

(स्टुडिओचं छत. लाकडी कमानी.)

हे न्यू जर्सीतलं एंगलवूड क्लिफ्स. चर्चसारख्या उंच छताचा हा स्टुडिओ रूडी व्हॅन गेल्डर यांचा, 1959 पासूनचा. व्हॅन गेल्डर मूळचे चष्म्याच्या व्यवसायातले. हा स्टुडिओ होण्याआधी ते हॅकेनसॅकला आईवडिलांच्या बैठकीच्या खोलीत माइक मांडून मुद्रण करायचे. ली मॉर्गनची ती रेकॉर्ड तिथलीच. हातमोजे घालून काम करायचे, आणि आपल्या यंत्रांना दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. तबकडीच्या मधोमध, गाणं संपतं त्या गुळगुळीत पट्ट्यावर उजेड तिरका पडू द्या. ‘आरव्हीजी’. तीन अक्षरं, त्यांची सही.

9 डिसेंबर 1964. याच छताखाली सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन यांची ‘अ लव्ह सुप्रीम’ झाली. पियानोवर मॅकॉय टायनर, जे 2020 मध्ये गेले. बासवर जिमी गॅरिसन, ड्रम्सवर एल्विन जोन्स. पंधराच दिवसांनी, 24 डिसेंबरला, ‘स्पीक नो इव्हिल’. तीही इथेच. कव्हरवर नाव सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरचं; ते मार्च 2023 मध्ये गेले. ड्रम्सवर पुन्हा एल्विन जोन्स. कोलट्रेनकडे वादळ उठवणारा हा माणूस शॉर्टरच्या संथ चालीखाली ताल नुसता हलता ठेवतो. दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ ऐकल्याशिवाय हे लक्षात येत नाही, आणि कव्हर उलटल्याशिवाय मुळीच येत नाही.

(धूर. जुनी बातमी.)

2008 मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल आवारात आग लागली, तिथे ठेवलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या मूळ टेप जळाल्या. किती, यावर वाद आहे.

(फोनचा पडदा.)

इथे, गाणं वाजत असताना, बहुतेकदा एकच नाव दिसतं.

(पुन्हा तबकडी. सुई खाली.)

आता लागेल तो तुकडा ‘स्पीक नो इव्हिल’चा. ट्रम्पेट, फ्रेडी हबर्ड. टेनर, वेन शॉर्टर. पियानो, हर्बी हॅनकॉक. बास, रॉन कार्टर. ड्रम्सवर कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे.