स्टिअरिंगवरचे तास : अमेरिकेत ट्रक चालवायला कुठे शिकावे?

(दृश्य : डांबरी मैदानावर नारिंगी शंकूंच्या रांगा. एक लांब ट्रेलर अगदी सावकाश मागे येतो आहे.)

पडद्यावर दिसणारा हा ट्रेलर ५३ फूट लांब आहे. तो मागे घेताना चालकाने स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवले, त्याच्या विरुद्ध बाजूला ट्रेलरचा मागचा भाग वळतो आणि नवशिक्याचा पहिला गोंधळ इथेच उडतो. माल भरल्यावर या गाडीचे एकूण वजन अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ टनांपर्यंत असू शकते आणि ताशी ६५ मैलांच्या वेगात असताना तिला पूर्ण थांबायला सुमारे ५२५ फूट अंतर लागते. ही गाडी चालवण्यासाठी जो ‘क्लास ए’ व्यावसायिक परवाना लागतो, त्याला तिथे सगळे सीडीएल म्हणतात. तो पहिल्यांदा काढणाऱ्याला प्रशिक्षण घेणे कायद्याने बंधनकारक आहे. मात्र ते खासगी शाळेत घ्यावे की सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या कम्युनिटी कॉलेजात, हे त्याचे त्यानेच ठरवायचे असते. असे ठरवायची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांत कारखान्यातून कमी झालेले कामगार असतात, सैन्यातून परतलेले जवान असतात आणि नव्या देशात पाय रोवू पाहणारी माणसेही असतात. त्यांच्यापैकी अनेकांजवळ पैसा थोडा असतो आणि वेळ त्याहूनही थोडा.

आपल्याकडे पूर्वापार अनेकांनी क्लीनर म्हणून उस्तादाच्या शेजारी बसून ट्रक शिकून घेतला. अमेरिकेत ७ फेब्रुवारी २०२२ पासून सीडीएलसाठी शाळेची पायरी टाळता येत नाही. त्या दिवसापासून केंद्रीय वाहतूक सुरक्षा खात्याच्या यादीत नोंदवलेल्या संस्थेतच नवशिक्याला शिकावे लागते, लेखी भागात किमान ८० टक्के गुण मिळवावे लागतात आणि मैदानावरचे तसेच रस्त्यावरचे प्रत्येक कौशल्य आले आहे, असे प्रशिक्षकाने लिहून दिल्यावरच राज्याची वाहनचाचणी देता येते.

या नियमात एक मोठी जागा मोकळी राहिली आहे आणि या निर्णयाचा सगळा पेच तिथे आहे. मार्च २०१६ मध्ये या नियमाचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा क्लास ए परवान्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान ३० तास पूर्ण करावेत, अशी तरतूद त्यात होती. डिसेंबर २०१६ मध्ये अंतिम नियम आला, तेव्हा ती वगळली गेली. तासांची ठरावीक संख्या आणि रस्त्यावरची सुरक्षितता यांचा थेट संबंध दाखवणारी पुरेशी आकडेवारी उपलब्ध नाही, असे कारण देण्यात आले. युक्तिवाद समजण्यासारखा आहे, कारण एकाला वीस तासांत जमते ते दुसऱ्याला चाळीस तासांतही जमत नाही. तरीही त्याचा व्यवहारातला परिणाम असा झाला, की विद्यार्थ्याला स्टिअरिंग किती वेळ मिळावे, हे प्रत्येक शाळा स्वतः ठरवू लागली आणि ज्या शाळेला घाई आहे तिला कायद्याने अडवले नाही.

(दृश्य : सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकातून आत येणारी नवी तुकडी.)

खासगी शाळेचे पहिले बळ म्हणजे वेग. अनेक शाळांत दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला नवी तुकडी सुरू होते, तीन ते चार आठवड्यांत अभ्यासक्रम संपतो आणि फी साधारणपणे तीन ते दहा हजार डॉलरच्या दरम्यान असते. ज्याचा बेकारभत्ता संपत आला आहे किंवा ज्याला पुढच्या महिन्याचे घरभाडे भरायचे आहे, त्याच्यासाठी हा वेग चैनीचा भाग नाही, आणि तो निवडणाऱ्याला उतावळा ठरवणे अन्यायाचे होईल. मात्र दोन आठवड्यांच्या आत परवाना मिळवून देण्याचे आश्वासन ऐकले, तर सावध व्हावे. लर्नर परमिट हातात आल्यावर किमान १४ दिवस गेल्याशिवाय वाहनचाचणी देता येत नाही, हा केंद्रीय नियम आहे.

अभ्यासक्रम १६० तासांचा आहे, असे अनेक शाळा सांगतात आणि नवख्या चालकाला घेताना अनेक वाहतूक कंपन्याही त्याच आकड्याचे प्रमाणपत्र मागतात. या १६० तासांत काय काय मोडते, ते विचारायला हवे. समजा, त्यांतले ४० तास वर्गात गेले आणि उरलेल्या १२० तासांत एका ट्रकवर चार विद्यार्थी आळीपाळीने बसले, तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्तीत जास्त ३० तास येतात. विद्यार्थी आठ झाले, तर १५. उरलेला वेळ मैदानाच्या कडेला उभे राहून किंवा केबिनमध्ये मागे बसून दुसऱ्याचे पाहण्यात जातो. पाहूनही माणूस शिकतो, पण नियमाच्या व्याख्येत तो वेळ स्टिअरिंगवरचा वेळ म्हणून धरला जात नाही, आणि माझ्या मते तो न धरणेच योग्य आहे.

तिसरी वाट वाहतूक कंपन्यांच्या स्वतःच्या शाळांची आहे. तिथे सुरुवातीला पैसे कमी किंवा मुळीच लागत नाहीत. बदल्यात ठरावीक काळ, अनेकदा एक वर्ष, त्याच कंपनीत काम करण्याचा करार असतो आणि मध्येच नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च चालकाकडून वसूल होतो. सही करण्याआधी ही रक्कम किती आणि कामाच्या महिन्यांगणिक ती कमी होते की नाही, हे कागदावर पाहून घ्यावे.

(दृश्य : कॉलेजच्या आवारातील कार्यशाळा. एक विद्यार्थिनी टॉर्च घेऊन ब्रेकच्या नळ्या तपासते आहे.)

कम्युनिटी कॉलेजांची या क्षेत्रातली परंपरा जुनी आहे. उत्तर कॅरोलायना राज्यातील स्मिथफील्ड या छोट्या शहरातल्या जॉन्स्टन कम्युनिटी कॉलेजात आज चालणाऱ्या ट्रकशाळेची मुळे १९४९ सालापर्यंत मागे जातात. अशा कॉलेजांतला अभ्यासक्रम सहसा अधिक लांब, काही ठिकाणी पूर्ण सत्राचा असतो. त्यामुळे रात्रीचे चालवणे, डोंगरउतारावर योग्य गिअर धरणे, भरलेला ट्रेलर ओढणे आणि गाडी सुटण्याआधीची तपासणी मुखोद्गत होईपर्यंत पुन्हा पुन्हा करणे, यांना वेळ मिळण्याची शक्यता वाढते. राज्याच्या रहिवाशांसाठी फी अनेकदा कमी असते, सगळीकडे नाही. ज्यांचे इंग्रजी कच्चे आहे त्यांना त्याच आवारात भाषेचे वर्गही अनेक कॉलेजांत मिळतात, आणि २५ जून २०२५ पासून या गोष्टीला वेगळेच वजन आले आहे, कारण रस्त्यावरील तपासणीत इंग्रजीची आवश्यक पातळी न आढळल्यास चालकाला तिथल्या तिथे गाडी चालवण्यापासून रोखले जाऊ लागले.

कॉलेजची अडचण जागांची आहे. ट्रक मोजके, प्रशिक्षक मोजके आणि अनुभवी चालकाला रस्त्यावर मिळणारा पगार कॉलेजला देणे कठीण, त्यामुळे प्रवेशासाठी प्रतीक्षायादी असू शकते आणि तुकड्याही सत्राच्या वेळापत्रकानुसार सुरू होतात. चार महिने थांबणे म्हणजे चार महिन्यांचा पगार बुडणे. मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार जड ट्रकच्या चालकाचे मध्यक वार्षिक वेतन ५७,४४० डॉलर होते. नवख्याला इतके लगेच मिळत नसले, तरी थांबण्याची किंमत फीमधल्या फरकापेक्षा मोठी होऊ शकते, हे त्यावरून कळते.

पैशाच्या मदतीचा विचार मात्र दोन्हीकडे सारखाच करावा. २०१४ च्या मनुष्यबळविकास कायद्याखाली, राज्याच्या मान्य यादीत असलेल्या खासगी शाळेची फीसुद्धा पात्र बेरोजगारासाठी भरली जाऊ शकते. त्यासाठी जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये प्रवेशाच्या आधी जावे लागते. पेल ग्रँट ही केंद्रीय शिष्यवृत्ती बहुतेक ट्रकशाळांना लागू होत नव्हती, कारण तिला लांब अभ्यासक्रमाची अट होती. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून ती ८ ते १५ आठवड्यांच्या आणि किमान १५० तासांच्या अभ्यासक्रमांसाठी खुली करण्याची तरतूद केली. तीन-चार आठवड्यांचे वर्ग या चौकटीत बसत नाहीत, त्यामुळे इथे कॉलेजचे पारडे जड होते.

ज्याला थांबणे परवडते, त्याने कॉलेज निवडावे, असे माझे मत आहे. ज्याला परवडत नाही, त्याला चांगली खासगी शाळाही उत्तम चालक बनवू शकते. शाळा कोणतीही असो, एकदा मैदानावर जाऊन एका ट्रकभोवती किती विद्यार्थी उभे आहेत ते स्वतः मोजावे. चाचणी गिअरच्या गाडीवर होते की ऑटोमॅटिक, हे विचारावे, कारण ऑटोमॅटिकवर उत्तीर्ण झालेल्याच्या परवान्यावर गिअरची गाडी न चालवण्याचा निर्बंध येतो. नापास झाल्यास पुन्हा सराव फीमध्ये धरला आहे का आणि मध्येच सोडल्यास किती पैसे परत मिळतात, हे लेखी घ्यावे.

आणि एक प्रश्न कार्यालयात बसूनच विचारावा. नियमाने तासांची किमान संख्या ठरवली नसली, तरी प्रत्येक विद्यार्थ्याने प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे एकूण किती तास केले, याची नोंद ठेवणे आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर ती सरकारी यादीकडे कळवणे प्रत्येक शाळेला बंधनकारक आहे. म्हणजे हा आकडा शाळेच्या दप्तरात असतोच. मागच्या तुकडीत तो सरासरी किती होता, नावे न सांगता तेवढेच सांगा, असे प्रवेश घेणाऱ्याने म्हणावे, आणि जी शाळा हे सांगायला टाळाटाळ करते, तिथे फी भरू नये.