टूथपेस्टचा पंप : खरं काम बुडाशी चालतं

मित्रहो, टूथपेस्टचा पंप, म्हणजे वरचं बटण दाबलं की पेस्ट देणारा उभा डबा, समजून घ्यायचा असेल, तर तो उलटा करून बघा. बऱ्याच पंपांच्या बुडाशी प्लॅस्टिकची एक तबकडी दिसते. नव्या पंपात ती काठाजवळ असते. पेस्ट वापरत गेलात की आत आत सरकते आणि कधीच मागे येत नाही. सगळी करामत या तबकडीची आहे.

पातळ साबणाच्या बाटलीत नळी बुडवली की काम भागतं. साबण वाहतो, नळीभोवतीची जागा आपोआप भरून निघते. पेस्टचं तसं नाही. ठरावीक जोर लागेपर्यंत ती घट्ट पदार्थासारखी जागच्या जागी बसून राहते, त्यापुढे जोर लावला की वाहू लागते. म्हणून तर ती ब्रशवर ठेवली तशी राहते, केसांमधून खाली उतरत नाही. पण याच गुणामुळे तिच्यात नळी बुडवून उपयोग नाही. नळीच्या तोंडाजवळची पेस्ट ओढली जाईल, तिथे खड्डा पडेल, बाजूची पेस्ट हलणार नाही आणि नळीत नुसती हवा शिरेल.

यावर तोडगा असा, की पेस्टच्या खालचा तळच वर आणायचा. वरचं बटण दाबलं की आतला छोटा कप्पा आक्रसतो आणि त्यातली पेस्ट तोटीतून बाहेर पडते. बोट उचललं की स्प्रिंग बटणाला वर ढकलते, कप्पा फुगतो, तिथला दाब घटतो. आता बाहेरची हवा खालून तबकडीला वर रेटते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. तबकडीचा व्यास 4 सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण निर्वात झाला तर बारा किलोंहून जास्त भार! प्रत्यक्षात त्यातला थोडासाच वापरला जातो, पण तेवढा पुरतो. बुडाला हवेसाठी वाट ठेवलेली असते ती यासाठीच. दाबताना तबकडी खाली घसरू नये म्हणून अनेक पंपांत तिला दातेरी धातूची चकती लावतात. ती वर जाऊ देते, खाली उतरू देत नाही.

दाबून रिकामी करायची ट्यूब अमेरिकन चित्रकार जॉन रँड यांनी 1841 मध्ये तैलरंगांसाठी केली. टूथपेस्ट तिच्यात आली ती त्या शतकाच्या अखेरीस. पाश्चात्त्य देशांत पंप घरोघरी दिसू लागला 1980 च्या दशकात.

तो कुणासाठी, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. संधिवाताने बोटं आखडलेल्या माणसाला बारीक झाकण फिरवणं आणि चिमटीत ट्यूब पिळणं, दोन्ही जड जातं. पंप तळहाताने, मनगटानेही दाबता येतो. अर्थात काही पंपांची स्प्रिंग भलतीच ताठ असते. अशा माणसासाठी घेताना आधी त्यांनाच दाबून बघू द्या. लहान मुलांच्या बाबतीत मात्र जपायला हवं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहाच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि बटण पूर्ण दाबलं तर त्याहून जास्त येऊ शकते. मोठ्यांनीच अर्धवट दाबून द्यावी.

प्लॅस्टिकचा हिशेब पंपाच्या विरोधात जातो, हे मान्य करायलाच हवं. ट्यूबपेक्षा त्याला जास्त प्लॅस्टिक लागतं. वेगवेगळी प्लॅस्टिकं आणि धातूचे भाग एकत्र, म्हणून पुनर्वापरासाठी ते सुटे करणं किचकट. आणि तबकडी खाली येत नसल्यामुळे रिकामा पंप घरी पुन्हा भरता येत नाही. ज्यांचे हात धड आहेत त्यांना ट्यूब पुरेशी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना पंपाशिवाय चालत नाही त्यांच्यासाठी उत्पादकांनी बटण आणि बाहेरचं कवच कायम ठेवून, तबकडीसकट पेस्ट भरलेलं आतलं नळकांडं तेवढं बदलायला द्यावं.