पाच वर्षांचे कुलगुरू आणि पन्नास वर्षांचं कलम

श्रोतेहो, नमस्कार.

मे सरत आला की आमच्या वाडीत दोनच विषय चालतात. पाऊस कधी लागणार, आणि यंदा पेटीला काय भाव मिळाला. एखाद्या वर्षी त्यात तिसऱ्याची भर पडते. पेपरात फोटो येतो: शाल, पुष्पगुच्छ, मागे दापोलीच्या कृषी विद्यापीठाची पाटी. नवीन कुलगुरूंनी पदभार स्वीकारला. बातमी जेमतेम आठ-दहा ओळींची. आमचे शेजारी, पंच्याहत्तरी ओलांडलेले बागायतदार, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. अशी बातमी आली तेव्हा त्यांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढला आणि मला विचारलं, "तू तिथे शिकलास ना? मग सांग, माणूस बदलला तर माझ्या कलमांना काय फरक पडतो?"

पडवीत बसून मी त्यांना उत्तर द्यायचा प्रयत्न केला. तेव्हा ते नीट जमलं नाही. आज तुमच्याशी बोलताना पुन्हा करून पाहतो.

मी दापोलीत चार वर्षं शिकलो आणि त्यानंतर आंबा-काजूच केला. त्यामुळे या विद्यापीठाबद्दल मला जे वाटतं ते बाहेरच्या माणसाचं वाटणं नाही. तिथल्या लाल मातीत मी कुदळ मारलेली आहे.

आधी थोडं कायद्याचं. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठं चार आहेत. राहुरीचं १९६८ मध्ये झालं, अकोल्याचं १९६९ मध्ये, आणि परभणी व दापोली ही दोन्ही १८ मे १९७२ रोजी. राज्यपाल हे कुलपती, कृषिमंत्री हे प्रतिकुलपती, आणि प्रत्यक्ष कारभार पाहणारे ते कुलगुरू. कुलगुरू निवडायला शोध समिती नेमतात. ती अर्ज मागवते, मुलाखती घेते, निवडक नावं कुलपतींकडे धाडते आणि त्यातून एक नेमणूक होते. मुदत पाच वर्षं, किंवा वयाची ६५ वर्षं पूर्ण होईपर्यंत, जे आधी घडेल ते. त्यांच्या हाताखाली शिक्षण, संशोधन आणि विस्तार शिक्षण अशा तीन वाटा. आपल्या बांधापर्यंत येते ती विस्ताराची वाट, पण तिच्यात पाणी सोडायचं असतं संशोधनाने.

आता ही पाच वर्षं लक्षात ठेवा. कारण आंब्याचा हिशेब वेगळा आहे.

हापूसचं कलम लावलं की पाच-सहा वर्षांनी त्याच्यावर थोडीफार फळं दिसू लागतात. खरं उत्पन्न त्याच्या पुढे. ही झाली तयार जातीची गोष्ट. नवी जात काढायची तर आधी दोन जातींचा संकर करायचा, त्या संकरातून धरलेल्या फळाची कोय रुजवायची, त्या रोपाला पहिलं फळ यायची सात-आठ वर्षं वाट पाहायची. मग त्या फळात साका होतो का, म्हणजे गर आतून खराब होतो का, झाड दरवर्षी धरतं का, चव कशी, टिकतं किती, हे एका वर्षात कळत नाही. अनेक हंगाम बघावे लागतात. अशी शेकडो रोपं वाढवायची आणि त्यातलं एखादं निवडायचं.

दापोलीच्या विद्यापीठाकडे असलेल्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' निघाला. नीलम दक्षिणेकडला, दरवर्षी धरणारा. हापूस आपला, चवीला तोड नाही, पण एक वर्ष देतो आणि एक वर्ष रुसतो, वरून साक्याची भीती. रत्नामध्ये साका नाही. तो प्रसारित झाला १९८१ साली, म्हणजे विद्यापीठाला नऊ वर्षं झाली तेव्हा. वेंगुर्ल्याचं केंद्र विद्यापीठाहून जुनं आहे, १९५७ चं. वर सांगितलेला हिशेब लावून पाहा. रत्नाचा संकर कुणी केला असेल तेव्हा दापोलीचं विद्यापीठ एक तर जन्मलेलं नव्हतं, नाही तर नुकतंच उभं राहत होतं. पुढे रत्ना आणि हापूस यांचा पुन्हा संकर करून 'सिंधू' निघाला, अगदी पातळ कोयीचा. तो आला १९९२ साली. म्हणजे रत्नाला नाव मिळायच्या आधीच त्याच्या मोहरावर कुणीतरी हापूसचे पराग धरलेले असणार! एवढ्या काळात खुर्चीवरची किती माणसं बदलली असतील. झाड मात्र तेच होतं, आणि त्या झाडाजवळ दरवर्षी वही घेऊन उभं राहणारं कुणीतरी होतं.

मला नेतृत्व म्हणजे हे वाटतं. आधीच्या माणसाने लावलेलं रोप नव्या माणसाने उपटू नये, आणि ज्याचं फळ आपल्या कारकिर्दीत दिसणार नाही असं रोप आपणही लावावं.

काजूची गोष्ट तर मला आंब्याहून जवळची वाटते. 'वेंगुर्ला-१' ही जात निघाली ती आणसूर गावातल्या एका झाडातून निवड करून. 'वेंगुर्ला-४' ही मिदनापूर रेड आणि वेतोरे-५६ यांच्या संकरातली, १९८१ ची. मिदनापूर बंगालमधलं, आणि वेतोरे? वेंगुर्ल्याहून फार लांब नाही. त्या गावाचं नाव त्या झाडाबरोबर शास्त्राच्या पुस्तकात गेलं. कुणीतरी संशोधक त्या काळात वाडीवाडीतून फिरला असेल, कुणाच्या परड्यातल्या काजीखाली उभा राहून त्याने बी तोलून पाहिली असेल, घरच्या माणसाला विचारलं असेल की दरवर्षी किती मिळते. आज सिंधुदुर्गात डोंगरच्या डोंगर या कलमांनी हिरवे आहेत ते त्या फिरण्यामुळे. मी जेव्हा जेव्हा कुणा नव्या पदाधिकाऱ्याचं भाषण ऐकतो तेव्हा माझ्या मनात हा एकच प्रश्न असतो: तुमची माणसं अजून वाडीवाडीतून फिरतात का?

आणि इथे मला एक दुखणं सांगायलाच हवं.

काही वर्षांपूर्वी माझ्या बागेत खोडकिडा लागला. आधी एका कलमाच्या बुंध्याशी भुसा दिसला, मग दुसऱ्या. मी सालीचा तुकडा आणि एक अळी डबीत घालून एका संशोधन केंद्रावर गेलो. कुठलं ते सांगत नाही, सांगून उपयोग नाही. तिथले शास्त्रज्ञ बैठकीला गेले होते. दुसऱ्या खेपेला गेलो तर ते दुसऱ्या केंद्रावर होते, कारण तिथलाही कार्यभार त्यांच्याकडेच. तिसऱ्या खेपेला भेटले. त्यांनी डबी उघडली, पाच मिनिटांत सगळं सांगितलं, तारेने अळी कशी काढायची, भोकात औषध कसं सोडायचं, वरून चिखलाने कसं लिंपायचं. इतकं नीट सांगितलं की मला त्यांचा राग धरताच आला नाही. जाताना म्हणाले, "मूळ पद माझं एक, आणि तीन खुर्च्या माझ्या नावावर आहेत." तोवर माझी चार मोठी कलमं वाळली होती. त्यातली दोन माझ्या वडिलांनी लावलेली.

अतिरिक्त कार्यभार. हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो ऐकून आता कुणाला काही वाटत नाही. प्रभारी अधिष्ठाता, प्रभारी संचालक, प्रभारी विभागप्रमुख. पेपरात कुलगुरूंच्या नेमणुकीची बातमी येते, पण भाट्याच्या नारळ केंद्रात, कर्जतच्या भात केंद्रात, श्रीवर्धनच्या सुपारी केंद्रात कोण आलं, कोण निवृत्त झालं आणि त्याच्या जागी कुणी आलं की नाही, याची बातमी येत नाही. माझ्यासारख्याला खरी नेमणूक ती. जागा भरायची मंजुरी शासनाकडून येते, हे मला कळतं. पण त्या मंजुरीसाठी पुण्याच्या कृषी परिषदेत आणि मंत्रालयात पुन्हा पुन्हा जाऊन बसणारा माणूस कुलगुरूच असू शकतो. ते काम फोटोत दिसत नाही.

३ जून २०२० आठवतंय ना तुम्हाला? निसर्ग वादळ. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, इकडे केळशी, आंजर्ले, हर्णै. एका दुपारी पिढ्यांच्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. पंचनामे झाले, मदत आली, जी आली ती. पण नंतर प्रश्न आला रोपांचा. नारळाचं चांगलं रोप तयार व्हायला वर्ष लागतं, आणि त्याच्या आधी चांगल्या मातृवृक्षावरचं पक्व फळ हवं. पैसे दिले म्हणून उद्या सकाळी हजारो जातिवंत रोपं मिळत नाहीत. ज्या रोपवाटिकेत वादळाआधीच्या शांत वर्षांत कुणी मातृवृक्ष राखले होते, त्यांना खतपाणी दिलं होतं, तिथूनच ती येऊ शकतात. वादळाचं उत्तर वादळाच्या दहा वर्षं आधी लिहावं लागतं. नव्या उपक्रमांची यादी वाचताना मी म्हणूनच आधी रोपवाटिकेचा उल्लेख शोधतो.

उपक्रमांबद्दल बोलायचं तर मला सगळ्यात मोठा वाटतो तो जुनाच आहे. ग्रामीण कृषी कार्यानुभव, मुलांच्या भाषेत 'रावे'. शेवटच्या वर्षाची मुलंमुली गावात येऊन राहतात. आपण त्यांना कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणतो. नवीन शैक्षणिक धोरण २०२० साली आलं, त्यात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर, क्रेडिटवर, कौशल्यांवर भर आहे. ते चांगलंच आहे. पण कृषी विद्यापीठांत ही मुलं त्याच्या कितीतरी आधीपासून चिखलात उतरत आली आहेत.

गेल्या खरिपात आमच्या गावात सहा कृषीकन्या आल्या. त्यातल्या दोघी घाटावरच्या, त्यांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. देवळाच्या आवारात त्यांनी रांगोळीने गावाचा नकाशा काढला, ओढे, विहिरी, कातळ, कलमांच्या बागा सगळं दाखवलं. मग भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करून दाखवली. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, त्यात भात ओतायचं, वर तरंगेल ते पोचट, ते काढून टाकायचं, खालचं धुऊन सावलीत सुकवायचं. माझी आई सूप हातात घेऊन बघत होती. म्हणाली, "सुपाने पाखडून मला जे उरतं त्यातलंही एवढं वर आलं गो!" त्या पोरीच्या चेहऱ्यावर जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. पुस्तकातली गोष्ट एका म्हाताऱ्या बाईला पटली होती.

याच मुलींनी काकांच्या बागेत फळमाशीसाठी रक्षक सापळे बांधले. रक्षक सापळा दापोलीचाच, आणि काका ज्या नूतन झेल्याने आंबे उतरवतात तोही दापोलीचाच. हे त्यांना मी त्या दिवशी सांगितलं. ते झेला उलटासुलटा करून बघत राहिले. इतकी वर्षं तो हातात होता, पण कुठून आला हे कुणी सांगितलं नव्हतं.

कोकणात फक्त दापोलीच आहे असं नाही. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ च्या कायद्याने झालेलं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली बहुतेक महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी जोडलेली, आणि स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी आपण वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. त्या वादात आज शिरत नाही. एवढंच म्हणतो की निकालाच्या चुकीसाठी मुंबईपर्यंत खेटे घालणाऱ्या सावंतवाडीच्या मुलाला विद्यापीठ म्हणजे रात्रीची गाडी आठवते, आणि तिथल्या कोणत्याही नव्या कुलगुरूंनी त्या मुलाला पहिल्या महिन्यातच आठवावं.

तुमच्यापैकी जे बागायतदार आहेत त्यांना माझी एक विनंती आहे. विद्यापीठाचे शेतकरी मेळावे होतात, शिवारफेऱ्या होतात. आपण जातो, जेवतो, रोपं घेऊन येतो. पुढच्या वेळी एक प्रश्न कागदावर लिहून न्या आणि तो मंचावर द्या. आमच्या जवळच्या केंद्रात मंजूर पदं किती आणि आज हजर माणसं किती? दरवर्षी चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक होते, जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात तिला, तिथे नव्या जाती, अवजारं, शिफारशी मांडल्या जातात आणि तावूनसुलाखून मंजूर होतात. त्यातली कोकणासाठीची कुठली, ती मला मराठीत छापून कधी मिळेल, हेही विचारा. विचारलं की उत्तर शोधावं लागतं.

आता काकांचं सांगतो. गेल्या वर्षी त्या मुलींपैकी एकीने त्यांना सहज विचारलं, "काका, मोहर पूर्वी कधी यायचा?" काका आत गेले आणि एक जुनी वही घेऊन आले. कुठल्या कलमाला पहिला मोहर कधी दिसला, पालवी कधी आली, अवेळी पाऊस कधी पडला, सगळं तारीखवार. पस्तीस वर्षांचं. आम्हा शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. ती मुलगी पान उलटतच राहिली. तिने सगळ्या पानांचे फोटो काढून तिच्या प्राध्यापकांना दाखवले, आणि आता ती पदव्युत्तरला हवामान आणि मोहर हाच विषय घेते आहे.

परवा काकांनी मला विचारलं, "ती यंदा येणार काय?" मी म्हटलं, ती नाही, पुढची तुकडी येईल. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, त्या नव्या पोरींना 'विहिरीकडचं' आणि 'गडग्याकडचं' कलम कुठलं ते कसं कळणार. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी बागेचा नकाशा काढायला घेतलाय, प्रत्येक कलमाला नंबर देऊन. पाऊस लागायच्या आत पुरा करायचाय, म्हणतात.

नमस्कार.