फेझ : उतारावरचं शहर, पाण्याच्या मागोमाग

[दृश्य : सकाळ. मरिनी सुलतानांच्या पडक्या कबरींची टेकडी. खाली संपूर्ण शहर.]

निवेदन :

मोरोक्कोतलं फेझ बघायचं, तर आधी त्याच्या बाहेर पडून या टेकडीवर यावं. इथून खाली मातकट-पांढऱ्या घरांची दाटी दिसते, इतकी दाट की रस्ता म्हणून काही दिसतच नाही. मधूनच हिरव्या कौलांची छपरं वर आलेली असतात. ती मशिदींची आणि मदरशांची. थोडं थांबून पाहिलं की ध्यानात येतं, सगळी घरं दोन्ही बाजूंनी मध्याकडे उतरत गेली आहेत. त्या उताराच्या तळाशी नदी आहे. फेझ वसलं ते तिच्यामुळे.

इ. स. 789 मध्ये इथला राज्यकर्ता पहिला इद्रीस याने नदीच्या उजव्या काठावर वस्ती वसवली. त्याच्या मुलाने, दुसऱ्या इद्रीसने, 809 च्या सुमारास डाव्या काठावर दुसरी. पुढच्या काही वर्षांत दोन्ही काठांवर परमुलखातले लोक आले. स्पेनमधल्या कोर्दोबात 818 मध्ये उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि तिथून हाकलली गेलेली कुटुंबं उजव्या काठावर राहिली. ट्युनिशियातल्या कैरवानहून आलेली माणसं डाव्या काठावर स्थिरावली. मधे एक नदी आणि दोन्हीकडे स्वतंत्र तटबंदीची दोन शहरं, असा कारभार दोन शतकांहून जास्त काळ चालला. अकराव्या शतकात अल्मोराविद सत्ताधीश युसुफ इब्न ताशफीनने मधल्या भिंती पाडल्या आणि दोन्ही काठ एका तटात घेतले.

पण या शहराची खरी कारागिरी जमिनीखाली आहे. नदीचं पाणी वरच्या अंगाला वळवून त्याचे पाट काढले, आणि उताराचा फायदा घेत ते मशिदींत, हमामांत म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरांत, पिठाच्या गिरण्यांत, रंगाऱ्यांच्या आणि चामडं कमावणाऱ्यांच्या कुंडांत, इतकंच काय घराघरांच्या अंगणांत खेळवले. वापरलेलं पाणी वेगळ्या वाटेने खाली जायचं. युरोपातली मोठमोठी शहरं विहिरीवर घागरी भरत होती, त्या काळातली ही गोष्ट.

म्हणून आपणही पाण्याच्या वाटेनेच जाऊ. वरून खाली.

[दृश्य : बाब बू जलूद. निळ्या टाइल्सची कमान. आत शिरणारी गर्दी.]

जुन्या शहरात, म्हणजे मदिनेत, बहुतेक प्रवासी या निळ्या दरवाजातून शिरतात. दरवाजा देखणा आहे, पण जुना नाही. फ्रेंच अंमल सुरू झाल्यावर 1913 मध्ये तो बांधला. बाहेरून निळा, आतून हिरवा. त्याच्यासमोर फोटोसाठी फार वेळ घालवू नका, पुढे बघण्यासारखं पुष्कळ आहे.

आत शिरताच दोन रस्ते फुटतात. तलआ कबीरा आणि तलआ सगीरा, मोठा चढ आणि छोटा चढ. आपण उतरतोय, त्यामुळे आपल्यासाठी ते उतारच. दोन्ही नदीकडे जातात. गल्ल्या हजारोंच्या संख्येने आहेत, आणि त्यातल्या कितीतरी एखाद्या घराच्या दारात जाऊन संपतात. चुकलात तर घाबरू नका. उतार पकडा, तळाशी पोचाल. तिथे रसीफचा चौक आहे, आणि टॅक्सी तिथवर येतात.

आतमध्ये मात्र मोटारी नाहीत. माल वाहतात ती गाढवं, खेचरं आणि हातगाड्या. मागून "बालक! बालक!", म्हणजे "बाजूला व्हा!", अशी आरोळी आली की भिंतीला चिकटायचं. क्षणात एक खेचर अंगाला घासून जातं. त्याच्या पाठीवर कधी गॅसचे सिलिंडर, कधी कच्ची कातडी. जनावरांनी जगवलेल्या या शहरात त्यांच्यासाठी 1927 पासून एक मोफत दवाखाना चालू आहे, अमेरिकन फोंदूक नावाचा. मला फेझमध्ये ज्या थोड्या गोष्टींबद्दल मनापासून आदर वाटतो, त्यांत हा दवाखाना आहे.

[दृश्य : बू इनानिया मदरसा. अंगणातला संगमरवर, पाण्याचा पाट.]

तलआ कबीरावर उजव्या हाताला बू इनानिया मदरसा लागतो. सुलतान अबू इनानने तो 1350 ते 1355 या काळात बांधला. मोरोक्कोत मुस्लिमेतरांना बहुतेक मशिदींत प्रवेश नसतो, पण या मदरशाच्या अंगणात सगळ्यांना जाता येतं. अंगण आणि प्रार्थनागृह यांच्या मधून पाण्याचा एक पाट वाहतो. नदीचंच पाणी.

भिंती तीन पट्ट्यांत बघाव्यात. खाली रंगीत टाइल्सचे तुकडे जुळवून केलेली झेलीज, त्यावर चुन्याच्या गिलाव्यात कोरलेली नक्षी, आणि सगळ्यात वर देवदाराचं लाकूड. हात लागतो तिथे टाइल, कारण ती पुसता येते. नाजूक कोरीवकाम हाताच्या वर. शोभा आणि सोय अशी एकत्र नांदते.

समोरच्या बाजूला रस्त्यावरच दार अल-मगाना आहे. पाण्याचं घड्याळ, 1357 मधलं. भिंतीत ओळीने खिडक्या, त्याखाली पुढे आलेल्या लाकडी आधारांवर पितळी वाट्या. तास भरला की धातूचा गोळा वाटीत पडायचा आणि नाद घुमायचा. लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात सोडलेलं आपलं घटिकापात्र आठवा. पाण्याने वेळ मोजण्याचीच ही सुलतानी थाटाची तऱ्हा. आतली यंत्रणा आता उरलेली नाही.

याच अबू इनानच्या दरबाराशी आपला एक थेट धागा आहे. तांजियरचा इब्न बतूता जवळजवळ तीस वर्षं जग हिंडून फेझला आला, तेव्हा सुलतानाने त्याला हुकूम केला की पाहिलंस ते सगळं लिहवून घे. ग्रॅनाडाचा विद्वान इब्न जुझय्य लेखनिक म्हणून बसला आणि 1355 च्या अखेरीस सांगणं पुरं झालं. त्या वृत्तांतात दौलताबाद आहे. देवगिरीचा किल्ला आहे, तिथल्या अंधारकोठडीतले मांजरांपेक्षा मोठे उंदीर आहेत, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा भरलेला बाजार आहे. नंदुरबारही आहे, आणि तिथल्या मराठा लोकांच्या हातातली कसबं. चौदाव्या शतकातल्या आपल्या मुलखाचं परक्या डोळ्यांनी केलेलं हे वर्णन कागदावर उतरलं ते मोरोक्कोत, ज्याने हे अंगण बांधलं त्याच सुलतानाच्या आज्ञेने. मराठी माणसाने फेझला यायला एवढं एक कारणही मला पुरेसं वाटतं.

[दृश्य : अत्तारीन बाजार. मसाल्यांचे ढीग, मेंदी, सुकी गुलाबकळी.]

खाली उतरत गेलं की मसाल्यांचा बाजार येतो, आणि त्याच्या टोकाला 1325 मध्ये पुरा झालेला अत्तारीन मदरसा. आकाराने लहान, पण कोरीवकामात कुणाला हार न जाणारा. दोन्ही बघायला वेळ नसेल तर गर्दीच्या वेळी बू इनानिया सोडा, अत्तारीन सोडू नका. वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत. एक माणूस आणि त्याची पथारी, बस्स, एवढीच जागा. इथे राहणारी मुलं शिकायला जायची ती शेजारच्या करवीयीनमध्ये.

करवीयीन मशीद 859 मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईने उभारली, असं परंपरा सांगते. कैरवानहून आलेल्या व्यापाऱ्याची ही मुलगी. वडिलांचा वारसा हाती आला, तो तिने इथे ओतला. बांधकामासाठी बाहेरून काही आणायचं नाही, असा तिचा दंडक होता म्हणतात. दगड-माती त्याच जागेत खणून काढली, पाण्यासाठी विहीरही तिथेच पाडली. मशिदीभोवती विद्या वाढली, आणि सलग चालू असलेलं जगातलं सर्वांत जुनं विद्यापीठ म्हणून आज गिनेस बुकात तिची नोंद आहे.

दारातून आतलं अंगण दिसतं, तेवढंच आपण बघू शकतो. तेही कमी नाही.

[दृश्य : करवीयीन ग्रंथालयाचं वाचनालय. लाकडी छत, हस्तलिखितं.]

मशिदीला लागून ग्रंथालय आहे. चार हजारांच्या आसपास हस्तलिखितं, त्यांत नवव्या शतकातलं, उंटाच्या कातड्यावर कूफी या जुन्या अरबी लिपीत लिहिलेलं कुराण. इतिहासकार इब्न खल्दूनने स्वतःच्या ग्रंथाची एक प्रत याच ग्रंथालयाला दिली होती. या इमारतीचा शत्रू मात्र तेच पाणी. खालून झिरपणारी ओल भिंतींत चढली, छपरं गळू लागली. 2012 मध्ये दुरुस्तीचं काम अझीझा शौनी या वास्तुविशारद बाईंकडे आलं. फेझ हे त्यांचं गाव. त्यांनी ओलीला वाट करून दिली, हस्तलिखितांसाठी हवामान सांभाळणारी खोली केली. एका बाईने उभारलेल्या वास्तूचं ग्रंथालय साडेअकरा शतकांनी दुसऱ्या बाईने सावरलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि शौनींचं काम एवढ्यावर थांबलेलं नाही. विसाव्या शतकात सांडपाण्याने घाण झालेली नदी शहराने जागोजागी काँक्रीटखाली गाडली होती. ती पुन्हा उघडी व्हावी, म्हणूनही त्यांनी अनेक वर्षं खटपट केली.

[दृश्य : सफ्फारीन चौक. आवाज : तांब्यावर पडणारे हातोडे.]

ग्रंथालयाच्या दारातच हा चौक. तांबटांचा. डोळे मिटले तरी कळतं कुठे आलोय ते. एकाचा हातोडा पडतो, दुसऱ्याचा त्याच्या मधल्या जागेत. जरा वेळ बसा. समोर पुदिन्याचा चहा मिळतो, साखर भरपूर. चहाचा पेला हातात घेऊन बघा : तांब्याचा पत्रा आधी तापवून नरम केला जातो, मग ऐरणीवर फिरवत फिरवत ठोकला जातो, आणि प्रत्येक ठोक्याचा छोटा खळगा पुढच्या खळग्याला टेकतो. लग्नकार्याला लागणारे मोठाले हंडे इथे टांगलेले असतात. यंत्राने ओढलेल्या भांड्यावर हे खळगे एकसारखे येतात, हाताच्या भांड्यावर कधीच नाही. विकत घेताना एवढी खूण पुरे.

इथून नदीपर्यंत रंगाऱ्यांची गल्ली. पायाखालून रंगीत पाण्याचे ओघळ जातात.

[दृश्य : शुआरा. वरच्या गच्चीवरून दिसणारी रंगीत कुंडं.]

शुआरा, चामडं कमावण्याची जागा. फेझचं सगळ्यात प्रसिद्ध दृश्य, आणि सगळ्यात उग्र वासाचं. चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरून ते दिसतं. दुकानदार हातात पुदिन्याची काडी देतो, ती नाकाशी धरायची. तिकीट नसतं, पण खाली उतरताना दुकानातून जावं लागतं. घ्यायचं नसेल तर नम्रपणे सांगा आणि थोडी बक्षिशी द्या.

पांढऱ्या कुंडांत चुनकळी आणि मीठ, जुन्या कृतीत गायीचं मूत्रही. कातडी त्यात मुरली की केस सुटतात. मग कबुतराच्या विष्ठेचं पाणी. त्यातला अमोनिया कातडं मऊ करतो, आणि मगच ते रंग धरतं. माणसं मांडीपर्यंत त्या कुंडांत उभी राहतात, पायांनी कातडी तुडवतात. सकाळपासून. गच्चीवरून सुंदर दिसणारं हे काम कंबर मोडणारं आहे, आणि बहुतेकांनी ते बापाकडून घेतलेलं आहे. फोटो काढताना एवढं लक्षात असावं. पिवळी कातडी छपरांवर वाळत पडलेली दिसतात, ती बाबूश नावाच्या सपाता होऊन बाजारात येतात.

[दृश्य : भट्टीवाल्याकडे कणकेच्या गोळ्यांचा ट्रे घेऊन जाणारी मुलगी.]

जुन्या फेझच्या प्रत्येक मोहल्ल्याला पाच गोष्टी लागतात : मशीद, कुराणशाळा, पाण्याचा नळ, हमाम आणि भट्टी. घरी मळलेली भाकर सार्वजनिक भट्टीत भाजून आणायची पद्धत अजून आहे. कुणाची भाकर कुठली, हे भट्टीवाला न विचारता ओळखतो.

खायचं काय? सकाळी बिसारा. सुक्या बाकल्याच्या डाळीचं दाट सूप, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. शाकाहारी माणसाने फेझमध्ये बिसारा, वांग्याचं झालूक आणि गरम भाकर यांवर निर्धास्त राहावं. भाज्यांचा कुसकुस (वाफवलेला गव्हाचा रवा) मागवताना मात्र रस्सा मांसाचा आहे का, हे विचारा, कारण तो बऱ्याचदा असतो. मांसाहारी असाल तर बस्तीया चुकवू नका : कबुतराचं किंवा कोंबडीचं मांस, बदाम, पापडासारखे पातळ पदर आणि वरून दालचिनी-पिठीसाखर. शुक्रवारी दुपारी बाजार बराचसा बंद असतो. तो वार घरांत कुसकुसचा.

[दृश्य : फेझ अल-जदीद. मेल्लाहची सज्जे असलेली घरं.]

एक दुपार वरच्या बाजूच्या नव्या फेझसाठी ठेवा. "नवं" म्हणजे 1276 सालचं, मरिनी सुलतानांचं. राजवाड्याचे चकाकते पितळी दरवाजे बाहेरूनच बघायचे. शेजारी मेल्लाह, ज्यूंचा मोहल्ला. मुस्लिम घरं अंगणाकडे तोंड करतात, इथल्या घरांचे लाकडी सज्जे रस्त्याकडे उघडतात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला आणि फ्रान्सला गेली. सतराव्या शतकातलं इब्न दनान सिनेगॉग दुरुस्त करून राखलं आहे, आणि खालच्या अंगाला पांढऱ्या कबरींचं दफनस्थान.

[दृश्य : पूल ओलांडून अंदलूसी काठ. पुढे ऐन नोकबीतले कुंभार.]

शेवटचा अर्धा दिवस नदीच्या पलीकडे, स्पेनमधून म्हणजे अंदलूसहून आलेल्यांच्या उजव्या काठावर काढा. प्रवासी इकडे फार कमी येतात. अंदलूसी मशिदीचा भव्य दरवाजा आहे. ती फातिमाची बहीण मरियमने बांधली, असं सांगतात.

शहराच्या कडेला ऐन नोकबीत कुंभारांची वस्ती आहे. झेलीजचे कारागीर इथे मांडी घालून बसतात. भाजलेली टाइल लोखंडी ऐरणीवर धरायची आणि जड, धारदार हातोडीने टवके उडवत तिचे तारे, पाकळ्या, चौकोन काढायचे. मग जुळणी. ती उलटी होते. रंगीत बाजू जमिनीकडे, कारागिराला दिसते ती फक्त मातीची पाठ. नक्षी डोक्यात धरून तो शेकडो तुकडे बसवत जातो, मग पाठीवर लगदा ओततो आणि सुकला की नक्षीचा तक्ता उभा करतो. तोवर रंग कुणालाच दिसलेले नसतात.

फेझची निळी-पांढरी भांडी घ्यायची असतील तर मदिनेतल्या दुकानांत नको, इथेच घ्या. बनवणारा समोर असतो, तो रंग कसा चढवतो ते दाखवतो, आणि विमानात फुटणार नाही अशी बांधूनही देतो.