सोलापूरच्या अंगणातलं संत्रं

नमस्कार श्रोतेहो. घरी संत्र्याचं झाड लावायचं म्हटलं की आपल्या सोलापुरात पहिला प्रश्न येतो, "इथल्या उन्हात ते जगेल का?" खरं सांगू, उन्हापेक्षा आपण घातलेल्या पाण्यानंच ही झाडं जास्त मरतात.

संत्र्याच्या मुळांना हवा लागते. आपली काळी माती पाणी धरून बसते, आणि तिच्यात चुना भरपूर. बोअरचं पाणीही जड. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो, तो त्याचाच. अशा मातीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. घरच्यांना वाटतं झाड तहानलंय, आणि आणखी एक बादली ओतली जाते. मुळं कुजतात, बुंध्यातून डिंक वाहू लागतो. म्हणून पानं अशी दिसली की आधी बोटभर माती उकरून बघा. ओल असेल तर पाणी थांबवा आणि चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारा. पावसाचं पाणी पिंपात साठवता आलं, तर ते याच झाडाला राखून ठेवा.

विदर्भातले बागायतदार दुहेरी आळं करतात. आतलं आळं कोरडं, पाणी बाहेरच्या आळ्यात. बुंधा भिजतच नाही. अंगणात हे सहज जमतं. गच्चीवर 200 लिटरचा ड्रम अर्धा कापून त्याला तळाशी भोकं पाडा. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली मात्र हवीच.

रोप बियांपासून करू नका, फळासाठी सात-आठ वर्षं वाट पाहावी लागेल. कलम आणा, आणि सांधा, म्हणजे कलम जिथे बांधलेलं असतं ती जागा, मातीच्या चांगला वर ठेवा. नागपुरी संत्र्याचं कलम बहुधा जंबेरी किंवा रंगपूर या लिंबांच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या रोपावर, बांधलेलं असतं. सांध्याखालून काटेरी फुटवा जोमानं येतो, आणि झाड वाढतंय म्हणून आपण खूश होतो. तो लगेच काढा, नाहीतर वरचं संत्रं दबून जाईल.

पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर नीट बघा, ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते. हातानं वेचली तरी पुरे. कढीपत्ता आणि बेल ही संत्र्याच्याच कुळातली झाडं, तेव्हा दारात ती असतील तर तिथेही शोधा.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या बहाराची, फुलं दिसू लागतील. पहिली दोन-तीन वर्षं ती खुडून टाका. जीव होत नाही, मलाही कळतं. पण लहान झाडावर फळं ठेवली तर फांद्यांची वाढ खुंटते.